अकरा पुरचुंड्या, सात डबे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शंभर दाणे मोजणं.

ओल्या गोणपाटावर हरबऱ्याचे दाणे मांडायचे, दहाच्या दहा ओळी. वरून दुसरं ओलं गोणपाट. मग त्याची वळकटी करून न्हाणीच्या कडेला सावलीत ठेवायची आणि रोज थोडं पाणी मारायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोड आलेले मोजायचे. सत्तरच्या वर आले तर बी पेरायजोगं. आमच्याकडे पेरणीआधी घरोघर हे करतात. बुढी, म्हणजे माझी बायको, दाणे मांडत होती, मी मोजत होतो. ती शाळेत गेलीच नाही. मी चौथी पास, म्हणून मोजणं माझ्याकडे.

सातवी ओळ मांडून होत आली तेव्हा मी म्हटलं, "सदुसष्ट."

"अडुसष्ट हाये."

"तुले मोजता येते का?"

"नाही येत. पण सातव्या ओळीत दोन कमी दिसून राह्यले, तीन नाही."

मी पुन्हा मोजले. अडुसष्ट होते. ती नुसती गालातल्या गालात हसली. चव्वेचाळीस वर्षं हेच.

आमची मुलगी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती पुण्याला कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम करते. दसऱ्यासाठी आली होती आणि घरूनच काम करत होती. तिनं विचारलं, "झाले का शंभर? मी उगवणीची चिठ्ठी इथं उघडून ठेवली. मोड आले का आकडा सांगजा."

बुढी म्हणाली, "पाच दिवस तरी थांबशीन का नाही?"

संध्याकाळी बुढीला छातीत जळजळ व्हायला लागली. मी म्हटलं, दुपारी ठेचा खाल्ला, होईनच. हे मी म्हटलं. दवाखान्यात न्यायला काढलेली गाडी मालेगावच्या डांबरी रस्त्याला लागली तोवर ती गेली होती. यावर मला जास्त लिहायचं नाही. लिहायचं आहे ते हरबऱ्याचं.

बुढी बी ठेवायची. गावरान. तूर, तीळ, जवस, ज्वारी, हरबरा, पंधरा-वीस घरांचं. कोणाच्या घरचं बी बिघडलं की बाया तिच्याकडे यायच्या. ठेवायची तिची रीत होती. ज्या घरचं बी, त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची. गाठ एक असली तर औंदाचं, दोन असल्या तर मागच्या सालचं, तीन असल्या तर त्याच्या मागचं. साल उलटलं की ती एक गाठ वाढवायची. तुकड्यावरून घर, गाठीवरून साल. पीक तर हात लावला की समजतंच. लिहिणं नाही, नंबर नाही. कोठीतल्या फळीवर चाळीसेक पुरचुंड्या होत्या. ती अंधारात हात घालून पाहिजे ती काढायची.

त्यात तिच्या माहेरचा हरबरा होता. लग्नात ओटीत आला तो. दाणा बारका, दिसायला इतर गावरान हरबऱ्यासारखाच. पण त्याच्या कोवळ्या पानाला आंब जास्त. डोळे मिटावे इतकी. दरवर्षी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला त्याच्या दोन ओळी असायच्या. मार्गशीर्षात ती त्याची भाजी करायची आणि मी दोन भाकरी जास्त खायचो. तिच्या माहेरी आता सगळं सोयाबीन आणि दुकानाचा हरबरा. ते बी जगात कुठं असेल तर आमच्या कोठीत. तीन पुरचुंड्या. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. हरबऱ्याचं बी दोन सालाच्या वर धड राहत नाही, म्हणजे एका गाठीची तीच खरी.

दसऱ्याच्या आधी मुलीनं ठरवलं की मायच्या बियाचं संगणकात घ्यायचं. दुपारी जेवणं झाली की दोघी बसायच्या. बुढी फळीवरून एकेक पुरचुंडी काढायची आणि सांगायची, मुलगी टाइप करायची. मी खाटेवर पडून ऐकायचो. झोपलो असं त्यांना वाटायचं.

मुलगी म्हणाली, "माय, प्रत्येकीले एक नंबर देऊन टाकतो. एक, दोन, तीन. सोपं जाते."

"नंबर कोणाचा हाये?"

"कोणाचाच नाही. नुसता नंबर."

"मंग उद्या नंबर पुसला तर काय राह्यते? माही पुरचुंडी कोणत्या घरची, कोणतं पीक, कोणत्या सालची, हेच तिचं नाव हाये. तीनही मिळून. दोन सांगतले तर अर्धं सांगतलं."

मुलगी हसली. म्हणाली, याले आमच्यात कंपोझिट की म्हणतात. की म्हणजे चावी. एका रकान्यानं ओळ ओळखू येत नसली तर दोन-तीन रकाने मिळून एक चावी करायची. पुष्कळ लोक टाळतात, बांधायला किचकट असते. पण मायचं ऐकते.

मग तिनं मला सांगितलं, कारण मी एक डोळा उघडला होता. म्हणाली, "बाबा, खाली तक्ते असतात, ओळी अन् रकाने. वर प्रोग्राममध्ये वस्तू असतात, पुरचुंडी ही एक वस्तू. या दोघायची भाषा वेगळी. मधात एक दुभाषी बसवा लागते. तो खालची ओळ उचलते अन् वर तिची वस्तू करते. त्याले आमी ओआरएम म्हणतो. त्याले एकच गोष्ट नीट सांगा लागते, ओळख कशावरून."

"अन् नाही सांगतली तर?"

"तर चुकते."

घराचे रकाने तिनं वेगळ्या तक्त्यात ठेवले होते. पुरचुंडीतलं घर तिथून आणलेलं. म्हणाली, ही दुसऱ्या तक्त्यातली चावी पुरचुंडीच्या चावीत येऊन बसली.

"म्हणजे पुरचुंडी दुसऱ्याच्या घरचं नाव लावून हिंडते," बुढी म्हणाली. "बाईमाणसासारखी."

"अन् उगवणीची चिठ्ठी तर त्याहून गरीब. तिले सोताची चावीच नाही. पुरचुंडीची तीच तिची. पुरचुंडी हाये तर चिठ्ठी हाये."

"तुह्या बापासारखी," बुढी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी झोपल्यासारखं केलं. आता वाटतं, तेव्हा उठून बसायचं होतं, काहीतरी उलटून बोलायचं होतं. तिला ते आवडलं असतं.

प्रत्येक पुरचुंडीपुढं एक टिपणाचा रकाना होता. बुढी जे बोलेल ते मुलगी जसंच्या तसं लिहायची. मी म्हटलं, गोठी कायले लिहिते? मुलगी म्हणाली, "जागा फुकटच हाये, बाबा."

बुढी गेली. दहावा दिवस आला. आमच्यात सुतक फिटलं की घरातला एकूणएक कपडा धुतात. अंथरूण-पांघरूण, पडदे, पिशव्या, पायपुसणंसुद्धा. बुढीची धाकटी बहीण, माझी साळी, आली होती शिरपूरहून. दोघी बहिणींनी आपल्या मायकडून काही घेतलं असेल तर बुढीनं बी घेतलं आणि हिनं कामाचा झपाटा. दिवाळी तोंडावर होती. ती पदर खोचून म्हणाली, "भाऊजी, कोठीतलेबी कपडे काढू का?"

मी दारात बसलो होतो, डोक्याचे केस काढून आलेलो. मला कोणी काही विचारू नये असं वाटत होतं. मी म्हटलं, "सगळं धुऊन टाका. काही ठेवू नोका."

हे दुसरं माझं बोलणं.

अकराव्या दिवशी मला गोणपाट आठवलं. न्हाणीशी गेलो तर जागा स्वच्छ, शेणानं सारवलेली.

"इथं गोणपाटाची वळकटी होती."

"ते कुजकं? फेकलं उकिरड्यावर," साळी म्हणाली. "वास मारून राह्यलं होतं."

त्या वळकटीत एका गाठीच्या पुरचुंडीचे शंभर दाणे होते. माहेरच्या. मी उकिरड्यावर गेलो आणि हातानं उकरायला बसलो. वर राख, राखेखाली शेण, त्यात दहाव्याच्या पत्रावळी. लोक जात-येत होते. कोणी काही म्हटलं नाही, त्या दिवसांत माणसाला काही म्हणत नाहीत. गोणपाट सापडलं. कोंबड्यांनी ते आधीच फाडलं होतं. आत काळा लगदा आणि चार टरफलं. मी लगदा बोटांनी चाचपून पाहिला, एखादा तरी मोड असेल. नव्हता.

हात धुऊन कोठीत गेलो. म्हटलं शंभर गेले तर गेले, पुरचुंडी आहे.

फळीवर पुरचुंडी नव्हती. एकही. प्लास्टिकचे डबे होते, झाकणं घट्ट लावलेले, ओळीनं मांडलेले. अंगणातल्या तारेवर चाळीस चिंध्या वाळत होत्या. स्वच्छ धुतलेल्या, पिळलेल्या, गाठी सोडलेल्या.

साळी मागून आली. "किती घाण चिंध्यायमंदी ठेवलं होतं, भाऊजी. उंदरानं खाल्लं असतं. मी सगळं नीट भरून ठेवलं. बारकं बारकं होतं ते एकात केलं, राखेचं राखेत, साफ साफात, हरबरा हरबऱ्यात."

"हरबरा हरबऱ्यात," मी म्हटलं.

"मंग? तुरीत टाकू का?"

हरबऱ्याच्या पुरचुंड्या अकरा होत्या. तीन माहेरच्या, दोन आमच्या घरच्या, सहा गावातल्या तीन घरांच्या. डबे सात होते. मी एकेक उघडून पाहिला. सगळा बारका, तांबूस, चोच असलेला हरबरा. मी साळीला म्हटलं, यातला तुमच्या मायचा कोणता?

ती वाकली, हातात घेतला, नाकाला लावला. मग तिला समजलं. ती खाली बसली. "मी तर आठवी शिकली, भाऊजी. मले मायनं कधी बियाले हातच लावू नाही देल्ला. म्हणे तू पुस्तक वाच." आणि ती रडायला लागली तशी बुढीच्या मरणावरही रडली नव्हती. मला तिला थोपटता आलं नाही. मला राग आला होता, आणि राग कोणावर करावा हे समजत नव्हतं, कारण 'काही ठेवू नोका' हे मीच म्हटलं होतं.

कोणी म्हणेल, सातही डब्यांतले दाणे गोणपाटात घाला. घातले असते. पण गोणपाट बी जिवंत आहे का तेवढं सांगतं. कोणाचं आहे हे सांगत नाही. आणि सहा दिवस थांबलो असतो तर वावरातली ओल गेली असती. सोयाबीन निघून रान मोकळं पडलं होतं, वरची माती पांढरी व्हायला लागली होती. आमची ती जमीन हलकी, विहिरीला हिवाळ्यापुरतंही पाणी नाही. हरबरा ओलीवर उगवला तर उगवला. मग वाटलं, सगळाच पेरून टाकावा. पण सात डब्यांत पायलीभर हरबरा, त्यात तिचा मूठभर, तोही कोणता डबा हे माहीत नाही. धुऱ्याच्या कडेची जागा दोन ओळींची. बाकी रान बटाईवाल्यानं ट्रॅक्टरनं पेरायला घेतलेलं, त्याचं बी दुकानाचं. मला नीट विचार करता येत नव्हता हे खरं. जेवण जात नव्हतं. डब्यांसमोर बसून राहायचो. उठलो की पुन्हा जाऊन बसायचो.

तेराव्याचं जेवण झालं, माणसं गेली, तशी मुलगी म्हणाली, "बाबा, कायले एवढा घोर लावून घेता? मायनं सगळं सांगतलं हाये. कोणत्या पुरचुंडीत वेखंड टाकलं, कोणत्यात बिब्बा, कोणत्यात लिंबाचा पाला. मावशीनं पाल्यासकट डब्यात ओतलं. टिपण वाचू अन् डबे पाहू. निंघते."

मला त्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. साळीनं भाकरी आणली, ती हातात धरून मी मुलीच्या बाजूला बसलो.

मुलीनं लॅपटॉप उघडला. माझ्यासाठी मोठ्या अक्षरांचं पान तिनं बुढी असतानाच करायला घेतलं होतं. माहेरच्या घराचं नाव दाबलं. पाच ओळी आल्या, पाच पुरचुंड्यांच्या. मी चष्मा लावून वाचलं. तीळ, एक गाठ. चुलीवरच्या फळीवर ठेवजो, खाली मुंग्या लागते. दुसरी ओळ. तीळ, एक गाठ. चुलीवरच्या फळीवर ठेवजो, खाली मुंग्या लागते. तिसरी तीच. चौथी तीच. पाचवी तीच.

"हरबरा कुठं हाये?" मी विचारलं.

तिनं आमच्या घराचं नाव दाबलं. आठ ओळी, आठही तुरीच्या, आठही सारख्या. गावातलं दुसरं घर, तिसरं घर. प्रत्येक घराला एकच पुरचुंडी, तीच तीच पुन्हा. बुढीचं एकच बोलणं पाच वेळा, आठ वेळा. जसं कोणी तिची नक्कल करून चिडवत आहे.

"एकानं दुसऱ्याले खोडलं की काय," मुलगी हळूच म्हणाली. तोंड पांढरं झालं होतं तिचं. "मी लिहिलं तवा खोडल्या गेलं की काय."

मी भाकरी खाली ठेवली. आणि मी जे बोललो ते लिहितो, कारण ते बोललो होतो. मी म्हटलं, "चाळीस सालं तिच्या गाठीत काही हरवलं नाही. तू पंधरा दिवस हात लावला अन् सारं बुडवलं. ह्याच्यापाई तिले दुपारची झोप नाही घेऊ देल्ली तू."

साळी म्हणाली, "भाऊजी, पोरीले काहून बोलता? चिंध्या तर म्या धुतल्या."

"तुमीबी बुडवलं," मी म्हटलं. "दोघीनं मिळून."

मुलगी उठली. लॅपटॉप घेऊन गोठ्याकडे गेली, नेटवर्क तिथंच येतं. मी तिथंच बसून राहिलो. मला वाटलं, आता आपण मरावं हे बरं. हे कोणाला सांगायचं नसतं, पण वाटलं. त्या चिठ्ठीचं मला आठवलं, जिला स्वतःची चावी नाही. माझं सगळं बुढीच्या खाली लिहिलेलं होतं. मी दुपारी काय खातो, माझा टॉवेल कुठं, कोणाशी माझं भांडण आहे आणि ते कशावरून. ते विचारायला आता कोणाकडे जायचं? मला माझंच माहीत नव्हतं.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा मुलगी परत आली. डोळे सुजलेले, पण चाल वेगळी होती.

"बाबा, खाली सगळं शाबूत हाये."

"खाली कुठं?"

"तक्त्यात. मायनं सांगतलं ते मी थेट तक्त्यात लिहिलं होतं. तिथं तीनही रकान्याची चावी नीट बांधली होती, म्हणून तिथं कोणी कोणाले खोडलं नाही. चूक मधातल्या दुभाष्याची हाये. त्याची नाही, माही. तुमचं मोठ्या अक्षरायचं पान करतानी मी त्याले ओळख सांगाले बसली. घर लिहिलं अन् तेवढ्यात कंपनीची मीटिंग लागली. पीक अन् साल सांगाचं राहूनच गेलं. मंग त्यानं काय केलं, खालून माहेरची एक ओळ उचलली. दुसरी आली तर म्हणे, माहेरची? हे तर म्या पाह्यली. अन् पहिलीच दाखोली. तिसरी आली, पुन्हा पहिलीच. त्याच्यासाठी घर एक म्हणजे पुरचुंडी एक."

"अर्धं सांगतलं तू त्याले."

"हो."

बुढी हेच म्हणाली होती, पण मी ते बोलून दाखवलं नाही. मुलगी म्हणाली, दोन ओळी लिहायच्या होत्या, लिहिल्या. उगवणीच्या चिठ्ठीलाही पूर्वी अर्धीच चावी मिळत होती, तीही पुरी केली. तिनं पान पुन्हा उघडलं.

पाच ओळी आल्या आणि पाचही वेगळ्या होत्या.

मुलगी वाचत गेली. आधी तिनं सगळ्या घरांचा हरबरा वाचला. टिपणात बुढी बोलत होती. "हा समोरच्यायचा. बाई चांगली हाये पण बी वाळवत नाही, म्हणून यात राख जास्त." "हा आमच्या घरचा, दोन गाठी. यात बिब्बा हाये. बुढ्याले म्हणा हात धुवून घेजो, मागच्या बारीनं तोंडाले लावला अन् थोबाड सुजलं." साळी हसली. मीही हसलो असेन. नंतर मला ते चुकल्यासारखं वाटलं.

मग माहेरचा. तीन गाठी: "हा मेला असंन. तरी कोंबड्यायले टाकू नोका. यात राख हाये." दोन गाठी: "वेखंडाचा तुकडा हाये. अर्धा उगवते."

एक गाठ: "यात काही टाकलं नाही. हा मी हातात घेतला का मले समजते."

मुलगी तिथं थांबली. खालचा चिठ्ठीचा रकाना वाचला. उगवण: रिकामी.

आम्ही डबे ओसरीवर आणून ओतून पाहिले. राखेचे, पाल्याचे, बिब्ब्याचे, वेखंडाचे असे पाच डबे वेगळे झाले. काही न टाकलेले दोन राहिले. टिपणांत काही न टाकलेल्या पुरचुंड्या चार होत्या, चार घरांच्या, सगळ्या एका गाठीच्या. साळीला आठवलं, साफ होत्या त्या तिनं दोन-दोन एकात ओतल्या होत्या, म्हणजे प्रत्येक डब्यात दोन घरं मिसळलेली. बुढीचा हरबरा या दोहोंतल्या एकात होता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दाण्यांत कालवलेला.

मी एका डब्यात हात घातला. मग दुसऱ्यात. चव्वेचाळीस वर्षं तिच्या बाजूला बसून मी दाणे मोजले, आणि माझ्या हाताला काही समजलं नाही. साळीनं हात घातला. मुलीनं घातला. आम्ही तिघं दोन डब्यांत हात घालून बसलो होतो. कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

"पान खाल्लं तर मले ओळखू येईन," मी म्हटलं. "आंबीवरून. दाण्यावरून नाही येत."

"पेराचा का मंग दोन्ही?" साळीनं विचारलं.

मुलगी लॅपटॉपकडे पाहत होती. म्हणाली, "बाबा, या दोन डब्यायची नवी ओळ करतो म्हटलं तर घराच्या रकान्यात काय लिहू? तो रिकामा नाही ठेवता येत. चावीतला कोणताच भाग रिकामा चालत नाही. आमचं घर लिहू? का माहेर?"

"काही लिहू नोको."

"मंग ओळच होत नाही त्याची."

"नोको होऊ. उगवू दे, पानं येऊ दे. ज्याची आंब लागली त्याले माहेर लिहिजो. नाही लागली तर नोको लिहू."

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मघाशी तुमी बोलले ते..." मला म्हणता आलं असतं, रागात बोललो. नाही म्हटलं. मी तिच्यापुढं ती मघाची भाकरी सरकवली, अर्धी तिनं घेतली, अर्धी मी. थंड झाली होती, पण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही डबे घेऊन वावरात गेलो. कोणाला उठवलं नाही. धुऱ्याच्या कडेची माती बोटानं उकरून पाहिली. वरचं चार बोटं कोरडं होतं, खाली ओल लागली. नागर-तिफणीचं काम नव्हतं, मूठमूठ बी. खुरप्यानं चर ओढायचा आणि दाणा टोबायचा, वीतभर अंतरानं. पेरताना दाणा सोडणं हे आमच्याकडे बाईच्या हाताचं काम. ती ओटीत बी घेऊन वाकून पुढं जायची आणि मी मागून माती लोटायचो. तिच्या पावलांकडे पाहत मी किती वर्षं चाललो. आता पुढं कोणी नव्हतं. ओटी करायला लुगडं नाही, म्हणून दुपट्ट्याचा पदर कमरेला खोचला आणि त्यात पहिला डबा रिकामा केला.

दहा पावलं वाकून गेलो आणि कंबर धरली. मग गुडघ्यांवर बसलो. गुडघ्यांवरच सरकत गेलो. एक दाणा, वीतभर, एक दाणा. मोजत होतो, मग मोजणं सुटलं. पहिली ओळ झाल्यावर तिच्या तोंडाशी कपाशीच्या पळाटीची काडी रोवली आणि दुसरा डबा घेतला. दाणा टाकून माझीच मी माती लोटत होतो, हातानं. रस्त्यावरून शिरपूरची पहिली बस गेली. त्यातलं कोणी पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काही पडलं, शोधून राहिला.

दुसरी ओळ संपली तेव्हा पदराच्या टोकाला चार दाणे उरले. चर संपला होता. ते मी तोंडात टाकले आणि चावले. हरबरा लागला. कोणत्या घरचा ते लागलं नाही.